आधी नेपाळ

अकोल्याच्या स्टेशनवर दोन वाटा फुटतात. हिंगोलीहून पूर्णा-अकोला मार्गाने तिथवर आलेल्या माणसाला पश्चिमेची गाडी भुसावळला नेते, आणि भुसावळहून इटारसीमार्गे गोरखपूर गाठता येते. गोरखपूरच्या पुढे सोनौली आणि सोनौलीच्या पलीकडे नेपाळ. पूर्वेची गाडी नागपूरवरून हावड्याला जाते. तिथून उत्तर बंगालातले हासीमारा, मग जयगाव आणि जयगावच्या कमानीपलीकडे भूतानचे फुंटशोलिंग. दोन्हीकडे आपल्याला व्हिसा लागत नाही, दोन्हीकडे हिंदीवर भागते, दोन्हीकडे हिमालय आहे. परदेश पाहण्याची हौस आणि बेताची मिळकत असलेल्या आपल्या भागातल्या कुटुंबांत म्हणूनच हा प्रश्न निघतो: नेपाळ की भूतान?

तो सोडवण्याची रीतही ठरून गेली आहे. दोन्ही सहलींची पत्रके समोर ठेवायची, किती रात्री, किती ठिकाणे, माणशी किती पैसे हे बघायचे आणि जिथे कमी पैशात जास्त ठिकाणे दिसतात तिथे नाव नोंदवायचे. मोंढ्यात हळदीचा भाव बघून माल सोडणाऱ्या माणसाला ही रीत जवळची वाटणारच. कष्टाचा पैसा मोजून खर्चण्यात गैर काही नाही. पण अशा मोजणीने फक्त खर्च कळतो. ज्या देशात जायचे त्याच्याशी आपले नाते काय, तिथे आपण कोण म्हणून जाणार, आपल्या जाण्याने तिथल्या माणसाच्या पदरात काय पडणार, हे पत्रकावर छापलेले नसते. हे प्रश्न विचारले की निवडीचा तराजू बदलतो. माझे मत स्पष्ट आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या माणसाला एकदाच किंवा पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकायचे आहे, त्याने आधी नेपाळला जावे. भूतान अधिक स्वच्छ, शांत आणि नीटनेटका आहे हे मान्य करूनच मी हे म्हणतो.

भूतानची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. सगळ्या भूतानची आजही आठ लाखांच्या आत आहे, आणि भूभाग आपल्या जिल्ह्याच्या आठपटीहून मोठा. एवढ्या थोड्या लोकांच्या देशाने २००८च्या राज्यघटनेतच लिहून ठेवले की किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. गंगखर पुएन्सुम या तिथल्या सर्वांत उंच शिखरावर अजून माणसाचे पाऊल पडलेले नाही, आणि २००३पासून देशात गिर्यारोहणच बंद आहे, कारण शिखरांवर देवतांचा वास आहे असे तिथले लोक मानतात. थिंफूच्या चौकात सिग्नल नाही, पोलीस हाताच्या इशाऱ्यांनी वाहने सोडतो. पारोजवळ कड्याला बिलगलेला ताक्त्सांगचा मठ पाहिलेला माणूस ते दृश्य विसरत नाही.

या सगळ्याची किंमत आहे आणि ती भूतान दारातच सांगतो. करोनानंतर सप्टेंबर २०२२मध्ये सीमा उघडल्या तेव्हा भारतीय पर्यटकालाही माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क लागू झाले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. आई-वडील, कॉलेजातला मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी असे चौघे पाच रात्री राहिले, तर हॉटेल, गाडी आणि जेवण धरण्याआधीच २१,००० रुपये होतात. पुष्कळांना ही लूट वाटते. मला हे शुल्क प्रामाणिक वाटते. पाहुण्यांमुळे रस्ता झिजतो, पाणी लागते, कचरा वाढतो, डोंगरात हॉटेले उभी राहतात. स्वस्त सहलीत हा खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. रात्रभर घाटात बस हाकून सकाळी पुन्हा स्टिअरिंगवर बसणारा चालक तो भरतो. हॉटेलाच्या मागच्या खोलीत भांडी घासणारा पोऱ्या तो भरतो. भूतानने तो पाहुण्याकडून उघडपणे मागितला, यात मला त्या देशाचा स्वाभिमान दिसतो.

पण भूतानची जाहिरात ज्या शब्दावर उभी आहे, तो सुख हा शब्द मी विनातक्रार स्वीकारू शकत नाही. देशाची प्रगती उत्पन्नावर न मोजता लोकांच्या सुखावर मोजावी, हा विचार चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७०च्या दशकात मांडला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. त्याच राजांच्या कारकिर्दीत दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांवर संकट आले. १९८५च्या नागरिकत्व कायद्याने १९५८ साली तुम्ही इथे राहत होता हे कागदाने सिद्ध करा असे म्हटले. पुढे सगळ्यांना एकच पोशाख सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी भाषा गेली. आंदोलने झाली, धरपकड झाली, आणि १९९०च्या सुमारास एक लाखाच्या आसपास माणसे देशाबाहेर घालवली गेली. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंग या जिल्ह्यांतल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत त्यांची दीड-दोन दशके गेली. २००७नंतर त्यांतल्या बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी सामावून घेतले.

ही माणसे नेपाळात पोहोचली ती आपल्या भूमीवरून. नेपाळ आणि भूतान एकमेकांना लागून नाहीत. मध्ये सिक्कीम आणि उत्तर बंगाल आहे. दोघांचाही शेजारी भारत. तेव्हा एका शेजाऱ्याने घराबाहेर काढलेली माणसे दुसऱ्या शेजाऱ्याच्या ओसरीवर आपल्या अंगणातून गेली, आणि आपण त्यांना थांबवून घेतले नाही. नेपाळ की भूतान हे ठरवताना ही गोष्ट माहीत असणे मला आवश्यक वाटते. भूतानवर बहिष्कार घाला असे मी म्हणत नाही. पण सुखी देश पाहायला चाललो असे म्हणणाऱ्याने ते सुख कोणाला वगळून मोजले गेले, हेही जाणून जावे.

हिंगोलीच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण स्वतः सीमेवरचे लोक आहोत. १८५३च्या करारानंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगेच्या अलीकडे निजामाची सत्ता राहिली. अलीकडे निजामाचा हाली शिक्का, पलीकडे इंग्रजी रुपया. अलीकडे शाळा-कचेरीत उर्दू, पलीकडे मराठीतून शिक्षण. मधल्या नाक्यांवर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. हिंगोलीत निजामाच्या दिमतीला असलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती; पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातल्या वस्त्यांची नावे अजून तीच आठवण सांगतात. १९४७-४८मध्ये निजामसमर्थक रझाकारांचा जाच वाढला तेव्हा या भागातली कुटुंबे नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. पलीकडे उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची सत्ता संपली, पुढे ती सीमाही पुसली गेली आणि आज वाशिम किंवा पुसदला जाताना आपण कोणाच्या राज्यातून कोणाच्या राज्यात चाललो हे मनातही येत नाही. पण रात्रीतून गाठोडे घेऊन नदीपार व्हावे लागणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी घडले, त्यांना झापाच्या छावणीतला माणूस परका वाटू नये.

आता नेपाळकडे येतो. आपल्या जिल्ह्यातून नेपाळला जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि त्या एकाच गावाच्या दोन टोकांतून निघतात. एक वाट पशुपतिनाथाची. औंढ्याचा नागनाथ ज्यांच्या घराजवळ आहे, त्यांना ज्योतिर्लिंगांची ओढ सांगावी लागत नाही, आणि केदारनाथाचे दर्शन पशुपतिनाथाशिवाय पुरे होत नाही ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. काशी, प्रयाग, अयोध्या करून यात्रेची बस सोनौली ओलांडते. सोबत आचारी, शेगडी, डाळ-तांदळाची पोती आणि घरचा मसाला असतो. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधले, तिला पंधरा दिवस कोणीतरी ताट वाढून देते, हे या यात्रांचे मोठेच देणे आहे.

दुसरी वाट लुंबिनीची. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि मग बुद्धाचे जन्मस्थान, अशी ही बस कळमनुरी, वसमत, सेनगाव भागातल्या बौद्ध वस्त्यांतून निघते. ती सीमा त्याच सोनौलीला ओलांडते. तासाभराच्या अंतरावर मायादेवीचे मंदिर आणि बुद्ध इथे जन्मला असे कोरलेला अशोकाचा स्तंभ आहे. या वाटेमागे ताजा इतिहासही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबरमध्ये काठमांडूला गेले. जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन तिथे भरले होते. २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर त्यांनी तिथे भाषण केले. प्रकृती ढासळलेली होती, तरी ते लुंबिनीलाही गेले. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांच्या अखेरच्या दिवसांतला हा प्रवास नेपाळचा आहे, पण लुंबिनीला जाणाऱ्या किती बसेस काठमांडूपर्यंत जातात? बहुतेक सीमेजवळूनच माघारी वळतात. पशुपतिनाथाच्या बसपैकी ज्या लुंबिनीत थांबतात, त्याही तासभर थांबून पुढे जातात.

एकाच गावची माणसे एकाच देशात जातात आणि दोन वेगळे नेपाळ पाहून येतात. गावातही त्यांच्या वस्त्या वेगळ्या, आणि परदेशातही मुक्काम वेगळे. मला हे फार लागते. कारण ज्या देशात ती जातात, तिथे ही दोन टोके एकमेकांत गुंतलेली पाहता येतात. काठमांडूची कुमारी ही जिवंत देवी नेवार समाजातल्या शाक्य या बौद्ध कुळांतून निवडली जाते आणि तलेजू या हिंदू देवीचे रूप म्हणून पुजली जाते. स्वयंभूच्या टेकडीवर स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक असतात. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी दक्षिण भारतातले भट्ट असतात, म्हणजे देवाचे दारही एका देशाच्या मालकीचे राहिलेले नाही.

नेपाळला भाबडेपणाने पाहावे असे मला म्हणायचे नाही. १८५४च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेने तिथे जातींची उतरंड कायद्यात बसवली होती. १९६३च्या नव्या मुलुकी ऐनने तिचा कायदेशीर आधार काढून घेतला, पण तिथल्या दलितांचे हाल कागदाइतके लवकर संपले नाहीत. २००८मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, आणि सप्टेंबर २०२५मध्ये भ्रष्टाचार आणि समाजमाध्यमांवरील बंदी यांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा संसदेलाही आग लागली. हा देश अजून स्वतःशी झगडतो आहे. जातीच्या बाबतीत आपणही झगडतच आहोत. म्हणून तिथे आपल्याला आरसा सापडतो. भूतानमध्ये आपण प्रेक्षक असतो; नेपाळमध्ये आपल्याला उत्तरे द्यावी लागतात.

दुसरे कारण पोटाचे आहे. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस आपल्याकडे येऊन राहू शकतो, काम करू शकतो, तसे आपणही तिथे करू शकतो. प्रत्यक्षात कोण कुठे आले हे आपण रोज बघतो. रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा, हातगाडीवर नूडल्स परतणारा पोरगा, ढाब्याच्या भट्टीजवळचा आचारी. त्यांना आपण थापा किंवा बहादूर म्हणून हाक मारतो, गावाचे नाव विचारत नाही. परदेशी गेलेल्या माणसांनी घरी धाडलेला पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. म्हणजे डोंगरातली असंख्य गावे तरुणांविना उभी आहेत. आपल्या जिल्ह्यातही दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात, आणि गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर कळमनुरी-सेनगावचे मजूर आहेतच. जो माणूस कित्येक वर्षे आपल्या दारात राबतो, त्याच्या दारात एकदा पाहुणा म्हणून जाणे, त्याच्या हातचा डाळ-भात पैसे देऊन खाणे, त्याच्या आईशी दोन शब्द बोलणे, याला मी ऋण म्हणतो. भूतानशी आपले असे देणे-घेणे नाही.

इथे आचाऱ्याची बस मला खटकते. आपण आपले पीठ, आपले तेल, आपला माणूस घेऊन जातो आणि त्या देशात दक्षिणा आणि रुद्राक्षांच्या पैशांखेरीज काही सोडून येत नाही. वृद्धांना घरचे अन्न मानवते हे खरे, पण निदान रोजचे एक जेवण तिथल्या खानावळीत घेता येईल. नर्सीच्या संत नामदेवांचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. ते पंजाबात गेले ते परत फिरण्याची घाई न करता. घुमानला कित्येक वर्षे राहिले, तिथल्या बोलीत रचना केल्या, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आपल्याला एवढे थांबणे जमणार नाही. पण सात दिवसांत अकरा ठिकाणे करण्याऐवजी तीन ठिकाणी राहणे जमेल.

आक्षेपही गंभीर आहेत, आणि सगळ्यांत गंभीर जिवाचा. २३ ऑगस्ट २०२४ला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि जळगाव जिल्ह्यातले सुमारे २५ यात्रेकरू गेले. त्याआधी जुलैमध्येच त्रिशूलीच्या काठी दरड कोसळून दोन बसेस नदीत वाहून गेल्या होत्या. ऑगस्टमधला तो अपघात झाला तेव्हा आपला श्रावण चालू होता. श्रावण पवित्र म्हणून आपण यात्रेला निघतो आणि नेमक्या त्याच महिन्यात नेपाळचे डोंगर पाण्याने सुटलेले असतात. पावसाळ्यात नेपाळला जाऊ नये, एवढी एक गोष्ट पाळली तरी मोठा धोका टळतो. रात्री डोंगरात बस चालवू नये, ही दुसरी. चालक एकच असेल तर त्या बसमध्ये बसू नये, ही तिसरी.

मग जावे कधी? पत्रकांत ऑक्टोबर सर्वोत्तम असे लिहिलेले असते, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीनची काढणी असते आणि शेतकऱ्याला घर सोडता येत नाही. मार्चपर्यंत हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे चालते, आणि मे संपता संपता नवी लागण. मे महिन्यात मुलांना सुटी असते, पण लुंबिनीचे ऊन तेव्हा हिंगोलीच्या उन्हाइतकेच भाजते. सोयाबीन विकून हरभरा पेरून झाल्यावरचा नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यांत योग्य वाटतो. आकाश निवळलेले असते, रस्ते कोरडे, थंडी सोसण्यासारखी, आणि तराईतले दाट धुके अजून उतरलेले नसते. बाबासाहेब काठमांडूत होते ते दिवसही हेच.

काठमांडूची धूळ, गोंगाट, वाहनांची कोंडी यांनी ज्याचा जीव उबगेल, ज्याला फक्त विसावा हवा आहे, त्याने खुशाल भूतानची गाडी धरावी. वनस्पती आणि पक्षी यांची आवड असलेल्या शिक्षकाने तर जरूर धरावी. गुडघे दुखणाऱ्यांनी ताक्त्सांगची चढण दुरूनच पाहावी. आधार कार्डावर प्रौढांना तिथे प्रवेश मिळत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, हे निघण्याआधी बघून ठेवावे. शुल्क कुरकुर न करता भरावे, आणि दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक गावांबद्दल कोणी बोलायला तयार असेल तर ऐकून घ्यावे.

बाकी सगळ्यांनी आधी नेपाळ. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्याच्या यात्रा आयोजकांना माझी विनंती आहे. पशुपतिनाथाला जाणाऱ्या बसने लुंबिनीत एक रात्र मुक्काम करावा. लुंबिनीला जाणाऱ्या बसने काठमांडूपर्यंत यावे, आणि बाबासाहेब ज्या शहरात बोलले ते शहर प्रवाशांना दाखवावे. एखाद्या वर्षी दोन बसेसच्या ऐवजी एकच बस काढा. नावे दोन्ही वस्त्यांतून घ्या, आणि ही बस श्रावणात काढू नका, नोव्हेंबरात काढा.